पतसंस्थेतले अकरा महिने: रेपो दर, बेदाणा आणि माझी वही

फेब्रुवारी 2025 मध्ये सांगलीतल्या एका पतसंस्थेची सभासद झाले. दोन लाखांची ठेव वर्षासाठी ठेवली, दुकानाची पिग्मी, म्हणजे रोज थोडी रक्कम जमा करायची बचत, सुरू केली आणि मसाला दळायच्या यंत्रासाठी कर्जही काढलं. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, 6.50 टक्क्यांवरून 6.25 वर आणला होता. म्हणून वहीत दोन रकाने आखले, एकात देश आणि दुसऱ्यात आमची संस्था.

रेपो एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये 5.50 आणि डिसेंबरमध्ये 5.25 झाला. संस्थेने जुलैतच नव्या ठेवींचा दर 9 वरून 8.25 केला, माझं कर्ज मात्र 13 टक्क्यांवरच. मॅनेजर म्हणाले, "ताई, आपला पैसा ठेवीदारांचा. जुन्या ठेवींना अजून नऊ टक्के द्यावेच लागतात." पटलं, त्यात माझीही ठेव आहेच. पण त्या ठेवींची मुदत संपल्यावर कर्ज स्वस्त होणार का, याचं उत्तर आजवर मिळालेलं नाही. ही माझी मोठी तक्रार.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेआधी अहवाल हाती आला. ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जातला थकलेल्या कर्जाचा वाटा, 7 टक्के! मार्च 2025 अखेर देशातल्या शेड्यूल्ड व्यापारी बँकांचा 2.3 टक्के होता. धस्स झालं. मग कर्जवाटपाचं पान नीट वाचलं, तर निम्म्याच्या आसपास कर्ज तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागांना. 31 मार्चला ताळेबंद होतो तेव्हा बेदाणा अजून शेडमध्ये जाळीवर असतो. पुढे तो कोल्ड स्टोरेजला जातो, भाव बघून सौद्याला निघतो, आणि त्यानंतर हप्ता भरला जातो. म्हणून आता मी संस्थेचा मार्च तिच्याच आदल्या मार्चशी ताडते. आदल्या मार्चचा एनपीए 6.2 टक्के होता. म्हणजे वाढ आहेच, आणि ती मला खटकते.

त्यात मे 2025 चा पाऊस. बागांमध्ये पुढच्या हंगामाचे घड काडीत तयार होण्याच्याच दिवसांत तो कोसळत राहिला, आणि या अहवालात त्याचा मागमूस नाही, कारण आकडे मार्चपर्यंतचे. 2024-25 चा देशाचा विकासदर तेव्हाच्या अंदाजाने 6.5 टक्के होता, पण बागायतदाराचा हप्ता त्यातून भरत नाही. सभेत उठून मी म्हटलं, लाभांश यंदा कमी द्या, राखीव निधीत जास्त टाका. कायद्याने नफ्याचा किमान चौथा हिस्सा तिथे टाकावा लागतो, संस्थेने तेवढाच टाकला. लाभांश 12 टक्के मंजूर झाला. फार वाईट वाटलं.

रोजच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. पिग्मीवाले काका सातच्या ठोक्याला येतात, पासबुक लगेच भरून मिळतं.

एक गोष्ट ठेव ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी. बँकेतल्या ठेवीला असतं ते 5 लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. जादा व्याज त्या जोखमीचं आहे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे म्हणूनच मी बँकेत ठेवलेत.

फेब्रुवारीत ठेवीची मुदत संपतेय. एक लाख काढून घेणार. उरलेला एक लाख ठेवायचा की नाही, हे जानेवारीअखेरची थकबाकी विचारून ठरवेन.