साडेसहा हजारांची सूट डीलरची नव्हतीच

प्लग-इन हायब्रिड गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने, घ्यायचा विचार असेल तर सही करायच्या आधी हे वाचा. आम्ही न्यू जर्सीत राहतो. 2024 च्या उन्हाळ्यात इथल्या एका डीलरने आम्हाला पाच हजार डॉलरहून जास्त रकमेला गंडवलं. कसं गंडवलं ते मी तपशिलात लिहितेय, कारण हा प्रकार कागदावर अगदी कायदेशीर दिसतो.

आम्हाला हवी असलेली गाडी जपानमध्ये तयार होते. बॅटरीवर चाळीसेक मैल, त्यापुढे पेट्रोल. स्टेशन, शाळा, किराणा एवढं सगळं चार्जवर भागतं, आणि रात्री गराजमधल्या साध्या 120 व्होल्टच्या प्लगला लावली की सकाळी बॅटरी भरलेली. ऑगस्ट 2022 मध्ये कायदा बदलला. जिची जुळणी उत्तर अमेरिकेत होत नाही अशी गाडी विकत घेतली तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची करसवलत मिळेनाशी झाली. लीजला मात्र ही अट नव्हती. लीजमध्ये गाडीची मालकी लीज कंपनीकडे असते, आणि तिला व्यावसायिक वाहन म्हणून 7,500 डॉलरपर्यंत करसवलत, म्हणजे क्रेडिट, घेता येत होतं. ते ग्राहकापर्यंत पोचवायची सक्ती मात्र कायद्यात नव्हती. आमच्या डीलरने नेमकी हीच फट वापरली.

सेल्समन आपल्याकडचाच होता. फोनवर अघळपघळ हिंदीत बोलायचा, मला भाभीजी म्हणायचा. गाडीची स्टिकर किंमत, म्हणजे निर्मात्याने लावलेली छापील किंमत, 48,000 डॉलर होती. क्रेडिटचं काय, असं मी स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "या मॉडेलवर लीज कंपनी क्रेडिट देत नाही. म्हणून तर आम्ही आमच्या खिशातून 6,500 सोडतोय." ईमेलमध्ये फक्त एवढंच आलं: डीलरची सूट 6,500, किंमत 41,500. क्रेडिटबद्दलचं वाक्य लेखी कुठेच नाही. मागणी जोरात असलेल्या गाडीवर एवढी सूट मिळतेय म्हटल्यावर आम्ही होकार दिला.

फायनान्सच्या खोलीत कागद नसतोच. टेबलावर एक मोठा टॅबलेट आडवा ठेवलेला असतो. पिवळी चौकट येते, सही केली की पान आपोआप पुढे सरकतं. मधला मजकूर वर सरकवून पाहू लागलं की समोरचा माणूस हसत म्हणतो, "ते स्टँडर्ड आहे." छापील प्रत शेवटी मिळते, किल्ल्यांबरोबर, एका जाड फोल्डरमध्ये. तिथेच 1,895 डॉलरचं 'प्रोटेक्शन पॅकेज' निघालं: रंगावर लेप, काचांवर गाडीचा नंबर कोरणे, टायरमध्ये नायट्रोजन. गाडीवर आधीच बसवलंय, काढता येत नाही, असं सांगितलं. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, पण तो मुद्दा ऐकायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं. वर कागदपत्रांची फी 699. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये या फीला 175 ची मर्यादा आहे, न्यू जर्सीत मर्यादाच नाही.

खरा प्रकार गणपतीत कळला. एका मैत्रिणीने तीच गाडी पेनसिल्व्हेनियातून घेतली होती, आणि तिचा हप्ता आमच्यापेक्षा बराच कमी होता. आम्ही दोन्ही करार शेजारी ठेवले. तिच्या करारात स्टिकरवर डीलरची सूट 1,500, आणि खाली वेगळ्या ओळीत लीज कंपनीचं रिबेट 7,500, म्हणजे तेच क्रेडिट. आमच्या करारातही रिबेट 7,500 होतं! फक्त त्याच्या वरच्या ओळीत गाडीची किंमत 49,000 लिहिलेली होती. स्टिकरपेक्षा 1,000 जास्त. त्यातून 7,500 वजा केले की बरोबर 41,500. म्हणजे डीलरने आपल्या खिशातून एक पैसाही सोडला नव्हता. उलट हजार डॉलर वर चढवले, आणि जी रक्कम आमच्या नावे येणारच होती तीच स्वतःची उदारता म्हणून आम्हाला विकली. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. महाग विकणं हा धंदा आहे, पण विचारल्यावर तोंडावर खोटं सांगणं ही फसवणूक आहे.

शिवाय व्याज. लीजमध्ये व्याजदर टक्क्यांत लिहीत नाहीत, 'मनी फॅक्टर' नावाचा छोटा दशांश असतो, आणि तो करारात दाखवायची सक्ती नाही. पण काढता येतो. करारात 'रेंट चार्ज' ही व्याजाची एकूण रक्कम असते. रिबेट वजा जाऊन उरलेली किंमत आणि तीन वर्षांनंतरची गाडीची करारात ठरलेली किंमत यांची बेरीज करा, तिला लीजच्या महिन्यांनी गुणा, आणि त्या आकड्याने रेंट चार्जला भागा. उत्तराला 2400 ने गुणलं की वार्षिक टक्केवारी मिळते. आमचा आकडा 0.0030 निघाला, म्हणजे 7.2 टक्के. मैत्रिणीचा 0.0021, म्हणजे 5 च्या आसपास. दोघींचा क्रेडिट स्कोअर सारखाच चांगला, लीज कंपनी एकच. मधला फरक डीलरला वाढवता येतो आणि त्यातला वाटा त्याला मिळतो. आमच्या करारात तो महिन्याला 64 डॉलर होता, छत्तीस महिन्यांचे 2,300.

आम्ही परत गेलो तेव्हा मॅनेजरने सहीवर बोट ठेवलं. तीन दिवसांत करार रद्द करता येतो असं इथे पुष्कळ जण सांगतात. डीलरच्या दुकानात घेतलेल्या गाडीला तो केंद्राचा नियम लागू नाही. डीलरांच्या अशा खोट्या किमतींना आणि आमच्या पॅकेजसारख्या निरुपयोगी जोडण्यांना आळा घालणारा नियम फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने) डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केला होता, पण डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी 2025 मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला. शेवटी राज्याच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार केली, दोन्ही करारांच्या प्रती जोडून. त्यानंतर डीलरकडून पॅकेजच्या 1,895 चा चेक आला. सोबत चिठ्ठी नाही, माफी नाही. हजार डॉलर आणि वाढीव व्याज अजून आम्हीच भरतोय, कारण क्रेडिटबद्दलचं ते खोटं फोनवर बोललेलं होतं.

30 सप्टेंबर 2025 नंतर हे सरकारी क्रेडिट बंद झालं. पण गाड्यांचे निर्माते लीजवर स्वतःची सूट, 'लीज कॅश', देत राहतात, आणि तेही असंच डीलरची सूट म्हणून दाखवता येतं. म्हणून हप्त्याबद्दल बोलूच नका. दुकानात पाऊल टाकायच्या आधी ईमेलवर एवढं मागा: स्टिकर किंमत, कुठलंही रिबेट वजा न करता डीलरची विक्री किंमत, प्रत्येक रिबेट कोणाचं आणि किती, मनी फॅक्टर, आणि जोडण्यांसकट सगळ्या फींची यादी. हीच मागणी चार-पाच डीलरांना एकाच दिवशी पाठवा, शेजारच्या राज्यातल्याही. फोनवर कुणी काही कबूल केलं तर लगेच "आपण आत्ता असं म्हणालात" असा ईमेल टाका आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सहीच्या दिवशी टॅबलेटला हात लावायच्या आधी छापील करार मागा, आणि विक्री किंमतीच्या ओळीवर बोट ठेवून ती ईमेलशी ताडून पाहा. "आधी या तर खरं, बसून बोलू" असं उत्तर आलं, तर त्या डीलरकडे जाऊ नका.