आपला माणूस म्हणून दिलेले 2,68,790 रुपये

हे लिहू नका असं बायको दोनदा सांगून बसली आहे. लोक हसतील म्हणे. हसू देत. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीनशॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. वीस मायक्रॉन इकडचे तिकडे झाले तर अख्खा लॉट परत येतो. असला मी, युरोप सहलीसाठी एका टूरवाल्याला चार कागद धड न बघता 2,68,790 रुपये देऊन मोकळा झालो. त्यावर तिकडे परदेशात खिशातून गेले ते वेगळे.

टूरवाले कसे गंडवतात हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. स्वस्तातलं पॅकेज, आगाऊ पैसे, मग फोन बंद. पण आमच्या माणसाने तसं काहीच केलं नाही, म्हणून तर फसलो. त्याचं ऑफिस कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून पलीकडच्या एका शहरात आहे. शहराचं आणि त्याचं नाव लिहायचं नाही, असं वकिलांनी बजावलंय. साडूकडच्या लग्नात भेट झाली. 'दादा, माझं आजोळ निपाणीचं. मी तुमच्यातलाच.' झालं, तिथंच मी विरघळलो. बिलावर त्याने लिहून दिलं, 'सीमावासीयांसाठी खास सूट 5,000.' आणि बिल मराठीत! घरपट्टीची पावती वर्षानुवर्षं कन्नडमध्ये घेणाऱ्या माणसाला मराठी बिलाचं काय अप्रूप असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्याला मात्र बरोबर कळलं होतं.

पहिलं बिल 3,38,500 चं. मुंबई ते पॅरिस, परत रोमहून मुंबई अशी चौघांची विमानं, शेंगेन व्हिसा आणि विमा. हे सगळं खरं निघालं. विमान कंपनीच्या साइटवर तिकिटं दिसत होती, 27 मार्चला पासपोर्ट व्हिसाचा शिक्का घेऊन घरी आले. आता सांगा, एवढं झाल्यावर कोण संशय घेईल? पहिलं बिल फर्मच्या खात्यात गेलं, दुसरं मात्र त्याच्या भाच्याच्या बचत खात्यात. 'फर्मच्या खात्याला वर्षअखेरीचं लिमिट लागलंय दादा.' यूपीआयने 1,00,000, दुसऱ्या दिवशी 1,00,000, तिसऱ्या दिवशी 68,790. फेब्रुवारीत कसली वर्षअखेर, हे तेव्हा सुचलं नाही. माझ्याकडे एखाद्या पार्टीने पुतण्याच्या खात्यावर पैसे टाकतो म्हटलं असतं, तर मी गाडीतून माल उतरवून घेतला असता.

या दुसऱ्या बिलात रेल्वे आणि हॉटेलं. युरेल पास, म्हणजे युरोपात रेल्वेने फिरायचे पास, मोठ्यांचे 34,500 प्रमाणे दोन, मुलगी 19 वर्षांची म्हणून युवा पास 27,000, धाकटा 10 वर्षांचा त्याचे 18,500. आरक्षणं 22,400. हॉटेलं 1,12,000. आता ऐका. युरेलमध्ये 4 ते 11 वयाच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर पास फुकट मिळतो. म्हणजे पास खरे असते तरी ते 18,500 चोरीचेच. स्वित्झर्लंडमधल्या साध्या गाड्यांना आरक्षण लागतच नाही, बाझेल ते इंटरलाकेनचंही त्याने आम्हाला आरक्षण विकलं. वर म्हणाला, युंगफ्राऊ डोंगरावर जाणारी गाडी पासमध्येच आहे. नाही. पासवर तिथं 25 टक्के सवलत असते, वरपर्यंतची गाडी फुकट नसते. हे सगळं युरेलच्या साइटवर लिहिलंय, वाचायला पंधरा मिनिटं लागतात. मी परत आल्यावर वाचलं.

आता जी गोष्ट आठवली की अजून झोप उडते ती सांगतो. बिलात 5 टक्के जीएसटी 12,445 आणि 5 टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आगाऊ गोळा करायचा आयकर, 12,445 लावला होता. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापतात, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो. पण त्याने माझा पॅन मागितलाच नाही. पॅनशिवाय तो माझ्या नावावर भरणार कुठं? मी महिन्याला जीएसटी भरणारा माणूस, घरात सीए नाही पण कागद कळतात. ती ओळ वाचली, 'टीसीएस परत मिळतो' म्हणून बायकोला कौतुकाने सांगितलंही. माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, आजपर्यंत त्यातला एक रुपया दिसलेला नाही. तुमचा टूरवाला टीसीएस लावत असेल तर आधी पॅन द्या, मग 26एएस उघडून बघा. बाकी काही करू नका, एवढं करा.

दुसरी वेळ निघायच्या आदल्या रात्रीची. 13 मे. स्वयंपाकघरात ओट्यावर शेंगाचटणीच्या पिशव्या दुहेरी बांधून ठेवलेल्या, बॅगा वजनकाट्यावर चढत-उतरत होत्या. मुलगी फ्रीजला टेकून मोबाइलवर युरेलच्या रेल प्लॅनर ॲपमध्ये पास घालत होती. आडनाव आणि पास नंबर टाकला की पास ॲपमध्ये यायला हवा. येईना. तिने चारही नंबर टाकून बघितले. 'पप्पा, नंबर सापडत नाही म्हणतंय.' मी त्याला फोन केला. लगेच उचलला, हेही लक्षात घ्या. 'दादा, तिकडच्या सिमवर चालू होतो, इकडं दिसत नाही.' मी तिच्यावरच ओरडलो. 'तू काय त्या टूरवाल्यापेक्षा शहाणी काय? वाकड्या शंका काढू नको.' ती गप्प बसली. पुढं पॅरिसमध्ये ती मला एक शब्दही बोलली नाही, ते जास्त लागलं.

आणि मी काय केलं होतं? त्याने पाठवलेल्या पीडीएफचे चार रंगीत प्रिंट काढून गणपत गल्लीत लॅमिनेट करून आणले होते. पानाला 30 प्रमाणे 120 रुपये. पावसात भिजायला नकोत म्हणून.

18 मेला सकाळी गार द लियों स्टेशनला पोचलो. पॅरिसमधून स्वित्झर्लंडकडच्या गाड्या तिथूनच सुटतात. घड्याळाचा मनोरा बघून धाकट्याने फोटो काढला. फलाटावर जायला आता तिथं काचेची दारं आहेत, तिकिटाचा क्यूआर दाखवला की उघडतात, आणि गाडी सुटायच्या 2 मिनिटं आधी ती बंद होतात. मी लॅमिनेट केलेला कागद धरला. लाल. बायकोचा धरला. लाल. मागे रांग. गणवेशातली एक बाई आली, तिच्या हातातल्या मशीनवर चारही कागद फिरवले, मग ते एकमेकांशेजारी धरून मुलीला दाखवले. चारही कागदांवरचा क्यूआर एकच होता. नावं वेगळी, चौकोन तोच. चार जॉब तंतोतंत सारखे निघाले की मी खूश होतो, इथं नेमकं तेच बघायचं राहिलं.

गाडी गेली. पुढच्या गाडीची बाझेलपर्यंतची तिकिटं खिडकीवर घेतली, चौघांचे 512 यूरो. कार्डावर चार्जेससह 50,870 रुपये बसले. इंटरलाकेनला संध्याकाळी हॉटेलात उभे राहिलो तर रिसेप्शनवरच्या मुलाने पडदा फिरवून दाखवलं, बुकिंग 28 मार्चला रद्द. व्हिसा हातात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. व्हिसासाठी रद्द करता येणारी बुकिंगं दाखवायची आणि काम झालं की काढून घ्यायची, ही त्याची पद्धत. तेव्हा व्हिसा आल्यावर प्रत्येक हॉटेलला स्वतः मेल करा, टूरवाल्याला विचारू नका. तीन रात्रींचे 840 फ्रँक मोजले. व्हेनिस गाळलं, युंगफ्राऊ खालून बघितला. बायको म्हणाली, डोंगर तर आंबोलीलाही आहेत. चेष्टेत म्हणाली, पण डोळ्यात पाणी होतं. एकूण जादा खर्च 2,31,600.

त्याला फोन केला तर उचलला! 'सिस्टीमचा घोळ झाला दादा, सात दिवसांत रिफंड.' आणि खरंच 10,000 पाठवले. मी मूर्खासारखा ते ठेवून घेतले. ते का पाठवले हे जूनमध्ये आमच्या भागातल्या ठाण्यात कळलं. साहेबांनी फोनवरचा मेसेज वाचला आणि म्हणाले, पैसे परत करतोय म्हणजे फसवणूक कुठं, हा तर दिवाणी व्यवहार. दहा हजारांत त्याने माझी तक्रारच विकत घेतली. असला तुकडा कोणी टाकला तर त्याच दिवशी लेखी कळवा की हा पूर्ण रकमेचा भाग आहे आणि बाकीची मागणी कायम आहे.

मग सुरू झाली वारी. आमच्याकडे म्हणाले, ऑफिस महाराष्ट्रात, तिकडं जा. बिल मराठीत आहे, कन्नड नाहीतर इंग्रजी भाषांतर आणा. तिकडं गेलो. पैसे कुठून पाठवले? बेळगावातून. मग गुन्हा तिकडं घडला. आणि ही तक्रारीची पोच कन्नडमध्ये आहे, मराठी करून आणा. म्हणजे मराठीचं कन्नड आणि कन्नडचं मराठी, दोन्हीकडून पानाला 400 घेणारा भाषांतरवाला एकच! त्याचं तेवढं बरं झालं. 'झिरो एफआयआर' म्हणून काहीतरी असतं, हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यावा लागतो, असं मी म्हटलं तर टेबलामागचा माणूस म्हणाला, 'वकील आहात काय?' परत बेळगावात आलो की 'नाळे बर्री'. उद्या या. हे मी सहा वेळा ऐकलं. आजोबा सत्याग्रहाला गेले होते, त्यांना निदान कोणाविरुद्ध भांडतोय हे तरी माहीत होतं. फ्रान्समधून बाझेलला उतरलो तेव्हा कोणी पासपोर्टही बघितला नव्हता. इथं कोगनोळी ओलांडली की माझा गुन्हाच बदलतो.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे जाऊन तीन-चार महिने झालेले. तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, सहलीवरून परत येऊन नाही. बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाले, तुम्हीच पिन टाकलाय. हो, मीच टाकला, तीनदा.

शेवटी कोर्टाच्या आवारात चहा पिताना एका वकिलांनी जे सांगितलं ते दोन राज्यांतल्या कुठल्याही टेबलावर सांगितलं गेलं नव्हतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर नाक्याचे एवढे टोल वाचले असते. डिझेलचं विचारूच नका.

तक्रार दाखल झाली आहे. पुढची तारीख पडलीय. वकिलांनी मूळ कागद मागितले, तर मी विचारलं, लॅमिनेशन काढून आणू काय? म्हणाले, अजिबात काढू नका, तसेच आणा. कपाटातून काढताना मुलीने चारही हातात घेतले, खिडकीच्या उजेडात एकावर एक धरून बघितले आणि मला दाखवले. चौकोन बरोबर चौकोनावर बसत होता.