लुसाका ते चिपाटा : एका खासगी बससेवेचा अनुभव

धाकटा भाऊ झांबियातील चिपाटा येथे नोकरीस असल्याने मार्च २०२४ मध्ये राजधानी लुसाकाहून तिकडे एका खासगी बसने जाण्याचा योग आला. अंतर सुमारे ५७० किलोमीटर, म्हणजे आमच्या निपाणीहून बंगळूर गाठण्याइतके. पहाटे पाचची गाडी भरेपर्यंत जागची हलली नाही आणि साडेसहा वाजले. एका ओळीत पाच आसने असल्याने पाय आखडतात. चालक मात्र निष्णात होता. लुआंग्वा नदीच्या पुलाअलीकडे रस्ता डोंगरांतून वळणे घेत उतरतो, तेथे त्याने एकदाही गाडी दामटली नाही.

पूल ओलांडल्यावर मक्याची शेते लागली आणि माझे गाडीतील गैरसोयींकडे लक्षच उरले नाही. पेटौके येथे बस अर्धा तास थांबली, तेव्हा शेताच्या मालकिणीला विचारून एक कणीस सोलून पाहिले. बुडाशी मोजून अकरा दाणे होते, बाकी कणीस मोकळे. पीक तुऱ्यात असताना, ऐन फेब्रुवारीत, पावसाने दडी मारली की दाणा धरत नाही, हे मका करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष हाकाइंदे हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. पेरलेल्या सुमारे २२ लाख हेक्टरांपैकी १० लाख हेक्टर मका वाया गेला होता. पानांना लष्करी अळीची भोकेही होती. ही अळी आफ्रिकेत २०१६ मध्ये आढळली आणि २०१८ मध्ये आपल्या कर्नाटकात. ज्या एल निन्योने तिकडचा पाऊस हिरावला, त्याच्याच वर्षी, २०२३ च्या खरिपात, आपल्याकडेही २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी ठरले होते. फरक एवढाच, पण फार मोठा, की आपला मका बहुतांशी कोंबडीखाद्याला आणि कारखान्याला जातो, तर तिकडे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा न्शिमा हेच रोजचे जेवण आहे.

त्यामुळे बसमधील सामानाकडे पाहून जीव गलबलला. चिपाटा ज्यात येते तो पूर्व प्रांत मका पिकवणारा, तेथून धान्य राजधानीकडे यायचे. आमच्या गाडीत मात्र गावाकडे निघालेल्या लोकांनी शहरातून घेतलेली पिठाची २५ किलोंची पोती होती. शेजारच्या आजींनी आपले पोते सबंध वाटभर पायांशी धरून ठेवले होते. काटेटेला त्या उतरल्या, तेव्हा वाहकाने स्वतः ते खाली उतरवून दिले, परंतु लुसाकात त्याच पोत्याचे वेगळे भाडे घेतले होते. सेवा सुरक्षित आहे, परतीचा प्रवासही मी तिनेच केला आणि शेतकरी वाचकांनी शक्य झाल्यास हा मार्ग दिवसाउजेडी जरूर करावा. माझी तक्रार उशिराची नाही. पीक बुडालेल्या वर्षी घरच्या खाण्यासाठी नेलेल्या एका पोत्याचे भाडे कंपनीने घेऊ नये, असे मी उतरताना त्यांच्या नोंदवहीत लिहून आलो आहे.