ग्राफाइट थर्मल पॅड: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये, उष्णता कूलरकडे न्यायला लावतात त्या थर्मल पेस्टऐवजी ग्राफाइटचा पॅड लावून आता बरेच महिने झालेत, त्यामुळे खात्रीने सांगतो. टेम्परेचर एकदम धाडकन खाली येईल म्हणून घेत असाल तर नका घेऊ, पण अधूनमधून कूलर काढा, वाळलेली पेस्ट पुसा, नवीन लावा या कटकटीला कंटाळला असाल तर बिनधास्त घ्या.

पाकिटावरचा मोठा आकडा बघून लोक भुलतात. तांब्याची उष्णता वाहायची क्षमता साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्विन आणि चांगल्या पायरोलिटिक ग्राफाइट (कारखान्यात बनवलेलं, थर नीट जुळलेलं ग्राफाइट) शीटची १५०० सुद्धा असू शकते, मग वाटणारच ना की तांब्यापेक्षा जवळपास चौपटीने भारी. पण हा आकडा आडवा आहे हो, म्हणजे शीटच्या पृष्ठभागाला धरून! ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात, एका थरातले अणू एकमेकांना घट्ट बांधलेले म्हणून त्यात उष्णता सुसाट पळते, पण दोन थरांमधली पकड एकदम कमजोर (पेन्सिल कागदावर उमटते ती त्यामुळेच), त्यामुळे आरपार जाताना तीच शीट कशीबशी १०-१५ वर येते, कधी त्याच्याही खाली. आणि कूलरखाली आपल्याला नेमकी आरपारच पाहिजे असते. काही पॅडमध्ये ग्राफाइट मुद्दाम उभं बसवलेलं असतं, कूलरखाली लावायचा असेल तर तसलाच बघून घ्या.

माझ्याकडे फुल लोडवर ताज्या चांगल्या पेस्टपेक्षा दोन-तीन डिग्री जास्तच दाखवतो. पण पहिल्या आठवड्यात जे दाखवत होता तेच आजही दाखवतो, आणि मला तेच हवं होतं. पेस्ट गरम-थंड होऊन होऊन हळूहळू कडेला सरकते, मधे कोरडी पडते, मग फॅन ओरडायला लागतो. पॅडचं तसं काही नाही. मधे धूळ काढायला कूलर उचलला तर पॅड अख्खा निघाला, फक्त एक कोपरा जरासा चुरगळला, तोच परत लावला आणि टेम्परेचरमध्ये काहीच फरक नाही. फक्त स्क्रू नीट, सगळीकडून सारखे आवळा, कारण हा पेस्टसारखा खाचांमध्ये वाहत जात नाही, दाबानेच बसतो, दाब कमी पडला की मधे हवा राहते आणि हवेतून उष्णता जवळपास जातच नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, ग्राफाइटमधून करंट जातो! लॅपटॉपमध्ये उघड्या चिपच्या बाजूलाच बारीक बारीक कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात, पॅड जरा बाहेर आला किंवा कापताना पडलेला चुरा तिथे गेला की शॉर्ट होऊन बोर्ड जाऊ शकतो. पॅड बोर्डापासून लांब कापा, कडा पुसून घ्या, कॅपॅसिटरवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, करंट न जाऊ देणारी टेप) लावा. विकणाऱ्यांनी ही सूचना पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात टाकलीय ते मला अजिबात आवडलं नाही, पुढेच छापायला पाहिजे होती.

आणि उरलेली पातळ, उष्णता आडवी वाहून नेणारी शीट असेल तर टाकू नका. एसएसडीवर (कॉम्प्युटरमधली डेटा साठवायची पट्टी) कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारी चिप, एकाच जागी तापतो, तिथली उष्णता अख्ख्या पट्टीवर पसरवायला ती एक नंबर, मोबाईलमध्येही अशाच शीट वापरतात. फक्त चिपकडच्या बाजूला प्लास्टिकची इन्सुलेटिंग फिल्म आहे ना ते आधी बघा.