यूब्लॉक ओरिजिन, काही महिन्यांनंतर: काय थांबलं आणि काय नाही

घरातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकून आता बरेच महिने झाले. निकाल आधीच सांगते. वेबसाइटवरच्या जाहिराती जवळपास संपल्या, पण "सारखं काहीतरी मध्ये येतं" ही घरातली तक्रार एवढ्याने मिटली नाही. कारण आमच्याकडे मध्येच उगवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पॉप-अप म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा वेबसाइटच्या पानातून येतच नाहीत. कोणती कटकट कुठून येते हे बघितल्याशिवाय एकावर एक ब्लॉकर चढवत राहिलं, तर कॉम्प्युटर जड होतो आणि कटकट आहे तिथेच राहते.

"ब्राउझरमध्ये पॉप-अप ब्लॉकर असतोच की," असं मला दोघातिघांनी ऐकवलं. असतो, आणि फार जुना आहे. विंडोज एक्सपीच्या २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ पासून इंटरनेट एक्सप्लोररमध्येही तो आला होता. पण त्याचं काम मर्यादित आहे: तुम्ही काही न करता साइट स्वतःहून नवी विंडो उघडायला लागली, तर तिला अडवायचं. तुम्ही क्लिक केलंत की ब्राउझर समजतो, यांनाच विंडो हवी आहे. मग साइटवाले काय करतात, अख्ख्या पानावर एक न दिसणारा थर पसरतात. तुम्ही 'प्ले' दाबायला जाता, पहिलं क्लिक त्या थरावर पडतं आणि नवा टॅब उघडतो. ब्राउझरच्या लेखी सगळं रीतसर. शिवाय आज आपल्याला छळणारे बहुतेक पॉप-अप वेगळी विंडो नसतातच. ते त्याच पानात वर तरंगणारे चौकोन असतात, आणि ते ब्राउझरच्या जुन्या पॉप-अप ब्लॉकरच्या खिजगणतीतच नाहीत.

यूब्लॉक ओरिजिन इथे कामाला येतं. कोणत्या पत्त्यांवरून जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट येतात, याच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या मोठ्या याद्या आहेत. ईझीलिस्ट आणि ईझीप्रायव्हसी ही त्यातली नेहमीची नावं. पान उघडताना या पत्त्यांकडे जाणारी मागणीच थांबवली जाते, म्हणजे जाहिरात आणून मग झाकायची भानगड नाही. पानं हलकी वाटतात ती यामुळे. याद्या आपोआप अद्ययावत होत राहतात, त्याकडे मला कधी बघावं लागलं नाही.

टाकताना नाव मात्र नीट वाचा. रेमंड हिल यांनी हा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू केला. पुढे फाटा फुटला आणि नुसतं 'यूब्लॉक' नावाचं एक्स्टेन्शन वेगळ्यांच्या हातात गेलं. आपल्याला हवं आहे ते 'ओरिजिन' असलेलं. ते फुकट आहे, कोड खुला आहे, आणि हिल देणग्यासुद्धा घेत नाहीत. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ब्लॉकरला आपण उघडत असलेलं प्रत्येक पान दिसत असतं. अ‍ॅडब्लॉक प्लस या दुसऱ्या ब्लॉकरमध्ये २०११ पासून 'स्वीकारार्ह जाहिराती' आपोआप चालू असतात आणि त्या यादीत राहण्यासाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजतात. त्यांनी हे लपवलेलं नाही, सेटिंगमध्ये बंदही करता येतं. तरी पहारेकऱ्याचा पगार कोण देतं हे कळल्यावर मी दुसरा पहारेकरी निवडला.

फायरफॉक्सच का? क्रोमने एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ ही नवी व्यवस्था आणली आणि जुन्या व्यवस्थेवरची एक्स्टेन्शन बंद करत नेली. मूळ यूब्लॉक ओरिजिन जुन्या व्यवस्थेवर चालतं. क्रोमसाठी त्याच लेखकाचं यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे. त्यात एक्स्टेन्शनने नियम आधीच ब्राउझरच्या हवाली करायचे आणि अडवायचं काम ब्राउझरने करायचं. याद्याही एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आली की त्यासोबतच बदलतात. दुसऱ्या लॅपटॉपवर मी लाइट वापरतेय. साध्या वाचनाला फरक जाणवत नाही, पण रोज नवनवी युक्ती काढणाऱ्या साइटवर मूळ आवृत्ती सरस ठरते. क्रोम सोडायचं नसेल तर लाइट टाका, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

माझं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे ड्रॉपरचं चिन्ह असलेला 'एलिमेंट पिकर'. एका बातम्यांच्या साइटवर लेख वाचताना उजव्या कोपऱ्यात एक व्हिडिओ येऊन बसायचा. बंद करायची फुली एवढीशी, की नेम चुकला तर व्हिडिओच उघडायचा. एक्स्टेन्शनच्या बटणावर क्लिक करून पिकर घेतला, व्हिडिओवर नेला, लाल छटा आली, 'क्रिएट' दाबलं. गेला. दुसऱ्या दिवशीही आला नाही. साइटने पानाची रचना बदलली की असा नियम निकामी होतो, मग पुन्हा तेच करायचं. निवडताना बाहेरचा मोठा डबा हाताला लागला तर व्हिडिओसोबत अख्खा लेखही गायब होतो. घाबरायचं नाही, एक्स्टेन्शनच्या डॅशबोर्डमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या पानावर, 'माय फिल्टर्स' मध्ये जाऊन शेवटची ओळ काढून टाकायची. शेजारचं विजेचं चिन्ह 'झॅपर'चं. तो त्या वेळेपुरताच चौकोन उडवतो, पान पुन्हा उघडलं की चौकोन परत हजर.

कुकीच्या सूचना, म्हणजे कुकी साठवायची परवानगी विचारणारे चौकोन, मात्र सुरुवातीला तसेच येत होते. डॅशबोर्डच्या 'फिल्टर लिस्ट्स' मध्ये अशा कटकटींसाठी वेगळ्या याद्या आहेत आणि त्या मुळात बंद असतात. त्यातल्या कुकी सूचनांच्या यादीवर खूण केली आणि फरक पडला. यात एक मेख आहे. सूचना दिसेनाशी झाली म्हणजे आपण 'नको' म्हटलं असं नाही, प्रश्न फक्त नजरेआड झाला. आणि काही साइट उत्तर मिळेपर्यंत पान अडवून धरतात, सूचना लपलेली आणि पान खाली सरकत नाही. तिथे त्या साइटपुरतं डोळ्याच्या चिन्हाचं बटण, म्हणजे गोष्टी लपवण्याचा भाग, बंद केला की काम होतं.

आता ब्लॉकरच्या आवाक्याबाहेरचं. एक्स्टेन्शन टाकून आठवडाही झाला नसेल, बाबांची हाक आली. "अगं, हे बघ, पुन्हा व्हायरस आलाय."

"बाबा, कोणती साइट उघडली होती तुम्ही?"

"कुठलीच नाही. पत्ते खेळत होतो."

पत्ते म्हणजे कॉम्प्युटरमधले. ब्राउझर मागे उघडा होता आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातून लाल चिन्हाची पट्टी सरकून येत होती: तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे, इथे दाबा. हे ब्राउझरचं नोटिफिकेशन. कधीतरी एखाद्या साइटने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं सांगितलेलं असतं आणि कोणीतरी दाबलेलं असतं. एकदा परवानगी मिळाली की साइट बंद असली तरी तिचे निरोप येत राहतात. ते पानात नसतातच, त्यामुळे पान गाळणाऱ्याला अडवता येत नाहीत. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात परमिशन्स, त्यात नोटिफिकेशन्स उघडलं. कधी नाव न ऐकलेल्या साइटची रांगच होती. सगळ्या काढल्या आणि खालच्या 'नवीन विनंत्या अडवा' या चौकटीत खूण केली. क्रोममध्ये साइट सेटिंग्जखाली हेच सापडतं. या एका खुणेने घरातल्या हाका जितक्या कमी झाल्या, तितक्या दुसऱ्या कशाने नाहीत. कोणाच्या आई-बाबांचा कॉम्प्युटर हाती आला तर ब्लॉकरच्याही आधी हे करा.

त्याच जातीचं पण जास्त वाईट सोंग म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान: भोंगा वाजतो, कॉम्प्युटर लॉक झाल्याचं लिहिलेलं असतं आणि खाली फोन नंबर. नंबरवर फोन करायचा नाही. एस्केप दाबून धरा किंवा कंट्रोल आणि डब्ल्यू. तेही चाललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' याला नाही म्हणा. अशा पानांकडे लोक अनेकदा जाहिरातींमधूनच पोचतात. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये सर्च इंजिनमधल्या तोतया जाहिरातींबद्दल इशारा दिला, त्यात जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन वापरा असा सल्लाही होता. सॉफ्टवेअर शोधताना वर येणारी खोटी 'डाउनलोड' जाहिरात आता दिसतच नाही, हा मला मिळालेला सगळ्यात मोठा फायदा. गती वगैरे नंतर.

अडतं कुठे? पैसे भरताना बँकेची खात्री करणारी विंडो कधीकधी उघडत नाही. यात दोष बहुतेक वेळा ब्राउझरच्या स्वतःच्या पॉप-अप ब्लॉकरचा असतो, वर पट्टी येते तिथून परवानगी द्यायची. पैसे अर्धवट अडकलेले असताना सेटिंग्ज शोधण्यात मजा नाही, म्हणून नेहमीच्या साइटना मी आधीच परवानगी देऊन ठेवली आहे. ईमेलमधल्या बातमीपत्राच्या लिंकवर क्लिक केलं की कधी लेखाऐवजी यूब्लॉकचं इशारा देणारं पान येतं. लिंक आधी मोजदाद करणाऱ्या पत्त्यावरून फिरून जाते आणि तो पत्ता यादीत असतो. 'प्रोसीड' दाबून पुढे जाता येतं. घरच्यांना हे पान पहिल्यांदा दिसलं तेव्हा तेच व्हायरस वाटलं होतं, ते सोडा.

यूट्यूबवर २०२३ पासून ब्लॉकर वापरणाऱ्यांना अडवण्याचा जोर वाढला आणि तिथे पळापळ चालूच असते. महिना महिना सुरळीत, मग एके दिवशी व्हिडिओ अडतो, यादी अद्ययावत झाली की पुन्हा चालू. अशा वेळी लोक दुसरा ब्लॉकर जोडीला टाकतात. तसं करू नका, दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि साइटला ओळखायला सोपं जातं.

राउटरमध्ये जाहिराती गाळणारा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, टाकूनही पाहिला. फोन आणि टीव्हीला त्याचा उपयोग आहे. पण डीएनएसला फक्त पत्ता कळतो. व्हिडिओ आणि त्याची जाहिरात एकाच पत्त्यावरून येत असेल तर तो काही करू शकत नाही. ठेवलाय, पण ब्लॉकरला पर्याय म्हणून नाही.

उरलेली कटकट विंडोजची आणि त्यावर बसवलेल्या प्रोग्रामांची. 'हे फीचर वापरून पाहा' म्हणणाऱ्या विंडोजच्या सूचना सिस्टीमच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये बंद होतात. एक फुकट अँटीव्हायरस होता, तो धोक्यापेक्षा स्वतःच्या पैसेवाल्या आवृत्तीबद्दलच जास्त बोलायचा. काढून टाकला, विंडोजचा अंगभूत डिफेंडर आहे.

काही छोट्या साइटवर मी ब्लॉकर मुद्दाम बंद ठेवते. त्यांच्या जाहिराती गप्प एका कडेला असतात आणि लिहिणाऱ्याला तेवढंच मिळतं. भोंगा वाजवणाऱ्यांसाठी ही सवलत नाही.

सध्याची अडचण वेगळीच आहे. एखादा फॉर्म उघडला नाही की एक्स्टेन्शनचं मोठं बटण दाबायचं, हे बाबांना मी शिकवलं. ते दाबतात, फॉर्म उघडतो, आणि बटण तसंच बंद राहतं. त्यामुळे मधूनमधून डॅशबोर्डमधली 'ट्रस्टेड साइट्स' ची यादी उघडून मला त्यांच्या साइट काढाव्या लागतात. मागच्या खेपेला त्यात पत्त्यांच्या खेळाच्या दोन साइट होत्या.