घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा वॉकर बूट : घ्यावा, पण डॉक्टरांना विचारून वापरावा

घोट्याचे हाड मोडल्यामुळे आईच्या पायात प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. टाके काढल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लास्टरऐवजी वॉकर बूट वापरायला सांगितले, म्हणून गुडघ्याच्या थोडा खालपर्यंत येणारा, दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला बूट आम्ही सर्जिकल साहित्याच्या दुकानातून आणला.

वस्तू म्हणून बूट उत्तम आहे. वेल्क्रोचे पट्टे सूज कमी-जास्त होईल तसे सैल किंवा घट्ट करता येतात आणि बूट काढून घोटा वर-खाली हलवण्याचा व्यायाम करता येतो; प्लास्टरमध्ये हे शक्यच नसते. उणिवा दोन आहेत : आतल्या अस्तरात घाम फार येतो, आणि जाड तळव्यामुळे तो पाय उंच होऊन कंबर दुखू लागते. दुसऱ्या पायात जाड तळव्याची चप्पल घातल्यावर आईचा हा त्रास बराच कमी झाला.

‘बूट घातला की चालायला हरकत नाही’ हे दुकानदाराचे म्हणणे मात्र मला अजिबात मान्य नाही. पाय टेकवायची वेळ मोड किती स्थिर आहे, हाडांची ताकद, जखमेची स्थिती आणि एक्स-रे पाहून शल्यचिकित्सकच ठरवतात. पूर्वी सर्रास सहा आठवडे थांबवत असत. ब्रिटनमधील २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॅक्स’ चाचणीत मात्र शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी भार द्यायला सुरुवात केलेल्या रुग्णांची प्रगती सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा कमी आढळली नाही. तरीही मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा नडगीची दोन हाडे जोडणारे अस्थिबंध फाटलेले असतील, तर डॉक्टर अधिक थांबायला सांगू शकतात, आणि ते ऐकलेच पाहिजे.

आईला आधी अंशतः भार द्यायला सांगितले होते. फिजिओथेरपिस्टनी वॉकरचा (धरून चालायच्या चौकटीचा) आधार देऊन तिला बुटासह पाय घरातल्या वजनकाट्यावर ठेवायला लावला. तिचे वजन ६० किलो असल्याने चौथा हिस्सा म्हणजे काटा १५ वर येईपर्यंतच दाबायचे. तेवढा दाब पायाला कसा जाणवतो हे कळल्यावर तिची भीती पुष्कळ ओसरली.

बूट घेताना तो मोजा घालून, बसून आणि आधाराने उभे राहून दुकानातच घालून पाहावा. पोटरी दुखून सुजली किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर पट्टे सैल करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.