ओपीएनसेन्स: माल चोख, पण वॅनच्या पानानं दोन रात्री खाल्ल्या

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. हिशेब माझ्याकडे, म्हणून नेटपण माझ्याकडे. कुणी नेमलं नव्हतं, येऊन चिकटलं. आधी साध्या राउटरवर ३३८९ पोर्ट (दुरून विंडोज कॉम्प्युटर चालवायचं दार) बाहेर उघडं टाकलेलं, घरातून टॅली बघता यावी म्हणून. टाकलेलं मीच. एका रात्री सर्व्हरवर कुणीतरी पासवर्ड मारत बसलेलं दिसलं आणि झोप उडाली.

मग चार पोर्टांचा जुना मिनी पीसी घेऊन त्यावर ओपीएनसेन्स चढवलं, म्हणजे नेटच्या दारावर पहारा देणारं फायरवॉल सॉफ्टवेअर. फुकट आहे, २०१५ साली पीएफसेन्स नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालंय, आत फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. चढवायला चहाला लागतो तेवढा वेळ.

खरी गंमत पुढं. डब्यावर पोर्टांना साधे आकडे आहेत, स्क्रीनवर मात्र आयजीसी०, आयजीसी१. कुठलं कुठं? कन्सोलमध्ये (डब्याच्या काळ्या स्क्रीनवर) वॅनचं, म्हणजे बाहेरच्या नेटच्या पोर्टाचं, नाव विचारतं तिथं 'ए' दाबायचं, मग केबल खोचायची. ज्या पोर्टात लिंक लागते ते स्वतः ओळखतं. मी ते न वाचता अंदाजानं खोचली आणि पहिली रात्र गेली.

दुसरी रात्र पत्त्यावर गेली. फायबरवाल्याचा डबा १९२.१६८.१.१ वर बसलेला, ओपीएनसेन्सचं लॅनपण (आतली, शॉपची बाजू) मुळात तिथंच. दोन्ही बाजूंना एकच गल्ली, एकच घर नंबर! फायरवॉलचं पान उघडतंय, बाहेरचं काहीच नाही. लॅन १९२.१६८.२०.१ केलं आणि नेट धावलं.

तरी नॅटवर नॅट (दोन डब्यांनी एकामागोमाग पत्ते बदलणं) नको म्हणून लाईनमनला फायबरचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नेट नुसतं पुढं सोडण्यावर, टाकायला सांगितलं. "याक बेक्री अक्का?" (कशाला हवंय ताई?) पोरगा हसला, पण करून दिलं. आता पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड वॅनच्या पानावर आपणच भरायचं. तिथं मी शहाणपणा केला, एमटीयूच्या रकान्यात (एका खेपेत किती बाइट जातील तो आकडा) मनानंच आकडा लिहिला. काही साइट पटकन उघडत, काही अर्ध्यात लटकत. नेहमीच्या १५०० बाइटांत पीपीपीओईचं स्वतःचं ओझं ८ बाइटचं, म्हणून राहतात १४९२. रकाना रिकामा सोडला, सुटलं. ज्याला हात लावायचं कारण नाही त्याला लावू नये, हे सासूबाई भाकरीच्या तव्याबद्दल सांगत आल्यात.

त्याच पानावर खाजगी पत्ते आणि बोगॉन (इंटरनेटवर दिसायलाच नकोत असे पत्ते) अडवायचे दोन टिक आहेत. ते राहू द्या. आतून मागवलेल्याचं उत्तर त्यानं अडत नाही.

एक तक्रार मात्र आहे. वॅनला १००.७२ नं सुरू होणारा पत्ता मिळाला. १००.६४ ते १००.१२७ म्हणजे कंपनीनं एकच पब्लिक पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय. बाहेरून आपल्यापर्यंत कुणी पोहोचत नाही. व्हीपीएन (घरून शॉपच्या नेटमध्ये यायची बंदिस्त वाट) का लागत नाही म्हणून मी हिंडलग्यात घरी बसून डोकं फोडतेय आणि विझार्ड (सुरुवातीला एकेक सेटिंग विचारत जाणारी पानं) गप्प! एवढ्या सगळ्या सूचना देणाऱ्या प्रोग्रामला हा पत्ता ओळखून एक ओळ दाखवता आली नसती? शेवटी महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा कायमचा पत्ता, घेतला.

त्यानंतर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कोण दार ठोठावतंय ते दाखवणारं पान, उघडून बसले. अडवलेल्यांच्या तांबड्या ओळी सरसर खाली, पोर्ट २२, २३, ३३८९, परत २३. वॅनवर मी एकच दार उघडलंय, व्हीपीएनचं. बाकी न सांगता बंदच असतं. मालक मागं उभे राहून म्हणाले, "एवढी माणसं आपल्याकडं कशाला यायलेत गं?"

पाचातले चार तारे. कापलेला एक त्या गप्प विझार्डचा. वॅनच्या पोर्टावर लाल नेलपॉलिशचा ठिपका मारलाय, कारण झाडताना मामा केबल काढतात आणि दिसेल त्या भोकात खोचतात.